खऱ्या गुप्तपोलिसाचें ऋण



रहस्यकथा कधींच न वाचलेला मराठी वाचक विरळाच. बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजाररावानें किंवा इंग्रजींतील शेरलॉक होम्सनें ज्याला एकहि रात्र जागविलें नाहीं, असा वाचनप्रिय गृहस्थ मला तरी अद्याप भेटलेला नाहीं. परंतु झुंजारराव काय किंवा होम्स काय, हे लेखकाच्या लेखणींतून जन्मलेले वीर. त्यांना नोकरी नव्हती, वरिष्ठ नव्हते, पेन्शन नव्हतें. आणि हरल्यावर लोकांच्या तोंडचे शब्द ऐकून घेण्याची पाळीहि त्यांच्यावर कधीं आली नाहीं. लेखकानें त्यांना वाटेल तसें नाचवावें. त्यांत कोणाचें कांहीं बुडत नाहीं.

आज मी ज्या कथांविषयीं बोलणार आहें, त्यांची जात निराळी आहे. व्हिक्टोरिया राणीच्या काळांत खरोखर होऊन गेलेल्या गुप्तपोलिसांना नायक करून इंग्रजींत कादंबऱ्या लिहिण्याची प्रथा गेल्या कांहीं दशकांत चांगलीच बोकाळली आहे. अशा पुस्तकाच्या वेष्टनावर, ही कथा खऱ्या माणसावरून सुचली आहे, असा शिक्का ठळक अक्षरांत मारलेला असतो, आणि त्या शिक्क्यानें पुस्तक खपतें. हा शिक्का मारण्याचा अधिकार लेखकाला कोठून येतो, आणि त्याची किंमत त्यानें कोणाला द्यावयाची, हा माझा आजचा प्रश्न आहे. त्याचें उत्तर शोधण्यासाठीं आपणांस सुमारें पावणेदोनशें वर्षें मागें जावें लागेल.

१८२९ सालीं सर रॉबर्ट पील यांनीं लंडनचें नवें पोलीस खातें उभारलें. या शिपायांना मुद्दाम निळा गणवेष दिला होता, कारण साध्या कपड्यांतला पोलीस म्हणजे सरकारचा हेर, अशी इंग्रज माणसाची पक्की समजूत होती. त्यामुळें गुन्ह्यांचा माग काढणारी वेगळी शाखा स्थापन होण्यास १८४२ साल उजाडावें लागलें. तीहि केवढी? दोन इन्स्पेक्टर आणि सहा सार्जंट. सुमारें वीस लाख वस्तीच्या शहराला आठ माणसें! या आठांत जोनाथन व्हिचर नांवाचा, एका माळ्याचा मुलगा होता. अंगानें ठेंगणा आणि दणकट, तोंडावर देवीचे वण, बोलणें थोडें. मनांतल्या मनांत सदैव कांहीं हिशेब चालल्यासारखा चेहरा. आजच्या भाषणाचा नायक तोच आहे.

या शाखेला लोकांपुढें आणण्याचें श्रेय चार्ल्स डिकन्सकडे जातें. १८५० सालीं त्यानें या गुप्तपोलिसांना आपल्या ‘हाउसहोल्ड वर्ड्‌स’ या साप्ताहिकाच्या कचेरींत बोलावून घेतलें, त्यांच्याकडून चोर, लुच्चे आणि भामटे यांच्या गोष्टी ऐकल्या, आणि त्या छापल्या. नांवें बदललीं तींहि अगदीं पातळ पडद्याआड. शाखेचा प्रमुख चार्ल्स फील्ड याचा झाला ‘वील्ड’, आणि व्हिचरचा झाला ‘विचेम’. पुढच्या वर्षीं डिकन्स फील्डबरोबर रात्रीच्या वेळीं लंडनच्या गलिच्छ वस्त्यांतून हिंडला, आणि त्यावरहि त्यानें लेख लिहिला. १८५२–५३ मध्यें ‘ब्लीक हाउस’ ही कादंबरी निघाली. तींतील जाड तर्जनी उगारून बोलणारा इन्स्पेक्टर बकेट पाहतांच वाचकांनीं फील्डला ओळखलें. त्याच कादंबरींतील खुनी फ्रेंच दासी ही मरिया मॅनिंग या स्त्रीवरून घेतलेली आहे. मरियेला १८४९ च्या नोव्हेंबरांत फांशी दिली, तेव्हां डिकन्स तेथें स्वतः हजर होता. इंग्रजी साहित्यांतल्या पहिल्या मोठ्या गुप्तपोलिसाची घडण ही अशी, ऐकलेल्या आणि पाहिलेल्या गोष्टींतून झाली.

बाजाराला हें लागलीच समजलें. विल्यम रसेल नांवाचा एक लेखक ‘वॉटर्स’ हें टोपणनांव घेऊन १८४९ पासून एडिंबरोच्या चेंबर्स यांच्या नियतकालिकांत एका पोलिसाच्या आठवणी म्हणून गोष्टी लिहीत होता. १८५६ सालीं त्यांचें स्वस्त पुस्तक निघालें आणि भरपूर खपलें. आठवणी कल्पित होत्या, परंतु विकल्या गेल्या त्या खऱ्या म्हणून. तेव्हां सत्याचा शिक्का मारून कल्पना विकण्याची युक्ति आजची नव्हे. ती रहस्यकथेबरोबरच जन्मास आली आहे. वॉटर्सच्या बाबतींत फसला तो फक्त वाचक. पुढें जें घडलें त्यांत जिवंत माणसें होरपळलीं.

विल्टशायर आणि सॉमरसेट या परगण्यांच्या सीमेवर रोड नांवाचें खेडें आहे. तेथें सॅम्युएल केंट हे कारखान्यांचे सरकारी तपासनीस एका मोठ्या घरांत राहत. पहिली बायको वारल्यावर त्यांनीं मुलांच्या शिक्षिकेशींच लग्न केलें होतें. १८६० च्या २९ जूनच्या रात्रीं त्यांचा दुसऱ्या बायकोपासून झालेला, चार वर्षांचाहि पुरता नसलेला मुलगा बिछान्यांतून नाहींसा झाला. दुसऱ्या दिवशीं सकाळीं बागेंतील शौचकूपांत त्याचें प्रेत सांपडलें. गळा चिरलेला होता. बाहेरून कोणी घर फोडलें असावें, असें मानण्याजोगी खूण दिसेना. तेव्हां खुनी घरांतलाच असला पाहिजे!

स्थानिक पोलिसांनीं पंधरा दिवस घोळ घातला. स्वयंपाकघराच्या बंबाखालीं रक्तानें भरलेलें एक वस्त्र सांपडलें होतें, तेंहि त्यांनीं आपल्या हातून घालविलें. आणि या चुकीचा बोभाटा होऊं नये म्हणून ती गोष्ट दडवून ठेविली. अखेर लंडनहून इन्स्पेक्टर व्हिचरला धाडण्यांत आलें. त्याला या वस्त्राविषयीं कोणीं एक अक्षर सांगितलें नाहीं.

आपण क्षणभर त्याच्या जागीं उभे रहा. बोटांच्या ठशांवरून माणूस ओळखण्याची पद्धति लंडनच्या पोलिसांत १९०१ सालीं आली, आणि तीहि कलकत्त्यास आलेल्या अनुभवावरून. डाग माणसाच्या रक्ताचा कीं जनावराच्या, हें खात्रीनें सांगणारी परीक्षाहि १९०१ चीच. व्हिचरपाशीं यांतलें कांहीं नव्हतें. त्याच्यापाशीं होती ती धुण्याची वही. केंट यांची पहिल्या बायकोची मुलगी कॉन्स्टन्स हिचे वय सोळा. तिचे रात्रीचे झगे तीन, आणि सांपडले दोनच. खुनानंतरच्या सोमवारीं घरचे कपडे धुण्यास गेले, तेव्हां मोलकरणीनें तिसरा झगा वहींत मांडून टोपलींत घातला होता. परटिणीच्या घरीं तो पोंचलाच नाहीं. दोष अर्थातच परटिणीवर आला. परंतु व्हिचरनें मोलकरणीला खोदखोदून विचारलें तेव्हां तिला आठवलें कीं, कपडे मांडतांना कॉन्स्टन्स तेथें आली होती, आणि पाणी आणावयास तिनें आपल्याला बाहेर धाडलें होतें. व्हिचरनें ताळा जमविला. रक्ताचा झगा मुलीनें आधींच नाहींसा केला. नंतर मांडलेला स्वच्छ झगा टोपलींतून हळूच काढून घेतला. आणि एका झग्याची तूट परटिणीच्या नांवावर खपवून दिली. या मुलीनें चार वर्षांपूर्वीं केस कापून, मुलाचा वेष घेऊन, धाकट्या भावासह घरांतून पळ काढला होता, आणि आपले मुलीचे कपडे त्याच शौचकूपांत टाकले होते, हेंहि त्यानें शोधून काढलें.

२० जुलैला व्हिचरनें तिला पकडलें. एका आठवड्यानें मॅजिस्ट्रेटांपुढें चौकशी झाली. झगा हातीं नव्हता, शस्त्राचा पत्ता नव्हता. मुलीच्या वकिलानें व्हिचरवर तोफ डागली, जमलेल्या लोकांनीं टाळ्या पिटल्या, आणि बापाच्या दोनशें पौंडांच्या जामिनावर मुलगी सुटली. वर्तमानपत्रांनीं आणि पार्लमेंटांतील सभासदांनीं व्हिचरला फाडून खाल्लें. या रागाचें मूळ केवळ पुराव्याच्या अभावांत नव्हतें. एका माळ्याच्या पोरानें सभ्य गृहस्थाच्या घरांत शिरावें, कुलीन मुलीच्या अंगावरचे कपडे मोजावे, आणि तिला खुनी म्हणावें, हें त्या समाजाला सहन झालें नाहीं. इंग्रजाचें घर हा त्याचा किल्ला. त्या किल्ल्याच्या आंतल्या खोलीचें दार या माणसानें उघडलें होतें.

आतां यांतला सर्वांत मोठा दैवदुर्विलास पहा. ज्या डिकन्सनें या गुप्तपोलिसांचे पोवाडे गाइले, त्यालाहि व्हिचरचें म्हणणें पटलें नाहीं! त्याच वर्षीं आपला मित्र विल्की कॉलिन्स याला लिहिलेल्या पत्रांत त्यानें बाप आणि मुलाची दाई यांच्यावर संशय घेतला. लाखो लोकांचा तर्क तोच होता. व्हिचर मनानें खचला आणि १८६४ सालीं प्रकृतीच्या कारणावरून मुदतीपूर्वींच निवृत्त झाला.

आणि १८६५ च्या एप्रिलांत कॉन्स्टन्स एका धर्मोपदेशकासह लंडनच्या बो स्ट्रीट न्यायालयांत आली आणि, खून मींच केला, असें तिनें सांगितलें. तिला फांशीची शिक्षा झाली, ती जन्मठेपेवर आली. वीस वर्षें भोगून १८८५ सालीं ती सुटली. पुढें ती नांव बदलून ऑस्ट्रेलियांत परिचारिका झाली, आणि १९४४ सालीं वयाच्या शंभराव्या वर्षीं वारली. व्हिचर खरा ठरला होता; परंतु गेलेली नोकरी परत आली नाहीं, आणि पांच वर्षें निष्कारण कलंक सोसणाऱ्या बापाचे आणि दाईचे दिवसहि परत आले नाहींत.

या राखेंतून एक कादंबरी उठली. १८६८ च्या जानेवारीपासून ऑगस्टपर्यंत डिकन्सच्याच ‘ऑल द इयर राउंड’ या दोन पेनी किंमतीच्या साप्ताहिकांत विल्की कॉलिन्सची ‘मूनस्टोन’ क्रमशः आली. तिच्यांतला हिरा मूळचा सोमनाथाच्या देवालयांतला, आणि १७९९ सालच्या श्रीरंगपट्टणच्या लुटींत एका इंग्रज अधिकाऱ्यानें तो बळकावला, अशी योजना असल्यामुळें आपल्या वाचकाला ती अधिकच जवळची वाटते. परंतु त्या हिऱ्याच्या आड रोड गांवचें घर उभें आहे. तेंच खेड्यांतलें मोठें घर, तोच गोंधळलेला स्थानिक अधिकारी, तोच लंडनहून आलेला पोलीस, आणि तोच हरवलेला रात्रीचा झगा! कॉलिन्सनें खुनाच्या जागीं हिऱ्याची चोरी घातली आणि रक्ताच्या जागीं दाराच्या ओल्या रंगाचा डाग घातला. मेलेल्या बालकाला त्यानें हात लावला नाहीं.

या कादंबरींतला सार्जंट कफ गुलाबांवर जीव टाकतो, आणि खरा व्हिचर माळ्याचा मुलगा होता. कफ प्रथम घरच्या मुलीवर संशय घेतो, त्यांत तो चुकतो, आणि त्याची पाठवणी होते. परंतु पुढें तो परत येतो आणि खऱ्या चोराचें नांव लिहून मोहोरबंद लिफाफा हातीं देतो. लिफाफा फोडल्यावर तें नांव बरोबर निघतें. व्हिचरला रोड गांवीं अशी दुसरी संधि कोणीं दिली नव्हती. जी समाजानें दिली नाहीं, ती कॉलिन्सनें कादंबरींत दिली.

हें पुस्तक खपलें कसें, तेंहि ऐकण्यासारखें आहे. प्रकाशक टिन्स्ले यानें आपल्या आठवणींत लिहून ठेविलें आहे कीं, नवा अंक निघण्याच्या दिवशीं वेलिंग्टन स्ट्रीटवरील कचेरीबाहेर लोकांची दाटी होई, आणि हिरा अखेर कोठें सांपडणार यावर पैजा लागत. सारें कसब प्रकरण नेमकें कोठें तोडावें, यांत होतें. कथा खरी आहे, अशी जाहिरात करण्याची कॉलिन्सला गरज पडली नाहीं. आठ वर्षांपूर्वींचें प्रकरण वाचकाच्या मनांत ताजें होतें. झगा दिसतांच तो मनांत समजला.

आतां आपल्या काळाकडे येऊं. व्हिक्टोरियन गुन्ह्यांवर लिहिणाऱ्या आधुनिक लेखकांपुढें मला तीन वाटा दिसतात. पहिली कॉलिन्सची: खरा प्रसंग घ्यावयाचा, पण नांवें आणि गुन्हा बदलून त्याची कथा करावयाची. दुसरी पीटर लव्हसी याची: १९७० सालीं एका प्रकाशनसंस्थेच्या स्पर्धेंत त्याच्या पहिल्याच कादंबरीला हजार पौंडांचें बक्षीस मिळालें. तींतला सार्जंट क्रिब कल्पित आहे, परंतु त्याच्याभोंवतीं १८७९ सालचें लंडन आहे, आणि त्या काळीं लोकांना वेड लावणारी सहा दिवसांची चालण्याची शर्यत आहे. तिसरी वाट म्हणजे खऱ्या माणसाचें खरें नांव घेऊन त्याच्याकडून कल्पित गुन्हे उलगडून घेणें. विल्यम पामर या अमेरिकन प्राध्यापकानें १९९० पासून फील्ड आणि डिकन्स यांची जोडी जमवून कादंबऱ्या लिहिल्या. जेम्स मॅक्लेव्ही या एडिंबरोच्या गुप्तपोलिसानें १८६० नंतरच्या वर्षांत आपल्या आठवणी छापल्या होत्या. त्यावरून डेव्हिड ॲश्टन यानें प्रथम बी. बी. सी. वर नभोनाट्यें लिहिलीं, आणि मागाहून कादंबऱ्या. श्रोत्यांनीं आवाज ओळखला, म्हणून वाचकांनीं पुस्तक घेतलें.

व्हिचरचेंहि तसेंच झालें. केट समरस्केल या लेखिकेनें २००८ सालीं रोड प्रकरणावर एक इतिहासग्रंथ लिहिला. त्यांत दर विधानाला कागदाचा आधार आहे, आणि जेथें तर्क आहे तेथें तो तर्क म्हणूनच मांडला आहे. बाईंच्या मतें कॉन्स्टन्सनें आपल्या धाकट्या भावाला वांचविण्यासाठीं कांहीं भाग गिळला असावा. पण तें त्या ‘असावा’ असेंच म्हणतात. ग्रंथाला त्या वर्षींचें सॅम्युएल जॉन्सन पारितोषिक मिळालें. २०११ सालीं त्यावरून दूरचित्रवाणीवर नाट्य झालें. तें लोकांना आवडलें, म्हणून पुढच्या वर्षांत त्याच व्हिचरला घेऊन आणखी नाट्यें आलीं, आणि त्यांतलीं प्रकरणें मात्र मनानें रचलेलीं. माळ्याचा मुलगा दीडशें वर्षांनीं लोकप्रिय नायक झाला. आणि ज्या गुन्ह्यांशीं त्याचा कधीं संबंध आला नाहीं, ते त्याच्या नांवावर चढले.

यांत वाईट काय, असें कोणी विचारील. ऐतिहासिक कादंबरी म्हटली कीं कल्पना ही आलीच. ती वर्ज्य केली तर उरेल ती बखर. मला हें मान्य आहे, आणि खऱ्या माणसांवर कादंबऱ्या लिहूं नयेत, असें माझें मुळींच म्हणणें नाहीं. फील्डची आठवण आज उरली आहे ती बकेटमुळें, आणि व्हिचरला प्रथम न्याय मिळाला तो कफच्या रूपानें. माझें म्हणणें इतकेंच कीं, खरें नांव वेष्टनावर घालणारा लेखक एका मेलेल्या माणसाकडून उसनें घेत असतो, आणि उसनें घेतलेलें फेडावें लागतें.

फेड तीन प्रकारची आहे. पहिली काळाची. १८६० च्या पोलिसाला १९०१ चें ज्ञान देऊं नये. त्याच्या हातीं भिंग आणि रसायन देण्यापेक्षां धुण्याची वही द्यावी. त्याचें खरें चातुर्य त्या वहींतच दिसतें, आणि कथेलाहि तेंच अधिक रंगवितें. दुसरी फेड पराजयाची. खरा गुप्तपोलीस पुष्कळदां हरतो. पुरावा त्याच्या हातून निसटतो, वरिष्ठ पाठ फिरवितात. विक्रीसाठीं त्याला सदा विजयी दाखविणें म्हणजे त्याच्या आयुष्यांतला सर्वांत खरा भाग पुसून टाकणें होय. व्हिचरबद्दल आपणांस आज माया वाटते ती त्यानें कॉन्स्टन्सला पकडलें म्हणून नव्हे; बरोबर असूनहि त्याला मान खालीं घालून लंडनला परतावें लागलें, म्हणून.

तिसरी फेड सर्वांत महत्त्वाची, आणि सर्वांत स्वस्त. पुस्तकाच्या अखेरीस दोन पानांची टीप द्यावी: इतकें घडलें, इतकें मीं रचलें. यानें कथेची गोडी कमी होत नाहीं. कोणी म्हणेल, मेलेल्यांना काय त्याचें? परंतु रोड प्रकरणानें आपणांस शिकविलें तें हेंच कीं, गोष्ट आणि घटना यांची सरमिसळ झाली कीं बळी पडतें तें माणूसच. १८६० सालीं सगळ्या इंग्लंडनें, थोर कादंबरीकारासुद्धां, मनांत एक रंगतदार कथा जुळविली: बाप, दाई आणि मध्यरात्रीं जागें झालेलें मूल. कथा इतकी चांगली जमली कीं धुण्याच्या वहींतील एका ओळीकडे कोणीं पाहिलें नाहीं, आणि ज्यानें पाहिलें त्याला त्यांनीं घरीं बसविलें.

व्हिचरनें निवृत्तीनंतर खासगी शोधाचें काम केलें. टिचबोर्न नांवाच्या श्रीमंत घराण्याचा हरवलेला वारस म्हणवून घेणारा एक इसम ऑस्ट्रेलियाहून आला होता. तो १८६६ च्या नाताळांत लंडनला उतरतांच वॉपिंग भागांत जाऊन एका खाटकाच्या कुटुंबाची चौकशी करून आला होता, हें व्हिचरनें हुडकून काढलें, आणि त्या तोतयाचें बिंग फुटण्यास तोच धागा उपयोगी पडला. या वेळींहि प्रारंभीं पुष्कळ लोक त्याच्या विरुद्ध होते, आणि या वेळींहि तो बरोबर निघाला. १८८१ सालीं तो वारला.

असल्या कादंबऱ्या आपण अवश्य वाचाव्या, मीहि वाचतों. फक्त पुस्तक मिटण्यापूर्वीं शेवटचीं दोन पानें उलटून पहावीं, आणि लेखकानें आपलें ऋण तेथें मान्य केलें आहे कीं नाहीं, तें बघावें.